डागी रुपया

सुई आणि पांढरा दोरा.

वाटीत चिंचेचं पाणी.

थुंकीने ओली केलेली करंगळी.

लाल मखमलीचं पान. सगळे कप्पे भरलेले, एक सोडून.

"जरा उजेडात ये गं, पोरी."

उज्वलाने भिंग डोळ्याला लावलं आणि राणीछाप रुपया खिडकीच्या उजेडात धरला. समोरच्या स्टुलावर निफाडचा जयराम बसला होता. शेजारी त्याची मुलगी चैताली, मोबाइलमध्ये डोकं घालून.

जयरामला उज्वलाने दारातच ओळखलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तो आईला घेऊन चांदवडला तिला पाहायला आला होता. त्याच्या आईने तिला सुईत दोरा ओवायला लावला, अंगणात चालायला लावलं, मग "जरा उजेडात ये गं, पोरी" म्हणत हनुवटी धरून मान खिडकीकडे वळवली. कानाखाली चहा सांडून भाजल्याचा डाग होता. आईने करंगळी थुंकीने ओली करून तो घासून पाहिला. "भाजल्याचाच आहे ना? का काही लपवताय?" जयराम पोहे खात होता. खातच राहिला. "घरात विचारून कळवतो" म्हणून गेले, ते गेलेच.

त्याने मात्र तिला ओळखलं नव्हतं. त्याच्या लेखी ती सराफ बाजारातली नाणीवाली मॅडम.

रुपया तिला हवा होता. तिच्या स्वतःच्या संग्रहात नेमकं हेच साल नव्हतं. त्यासाठी तिने इंदूर पालथं घातलं, सुरत पालथं घातलं, आणि आज ते आपल्या पायांनी जिना चढून आलं होतं. तिने कोपर टेबलावर टेकवलं.

"काठावर डाग आहे."

"कडी लावली व्हती ना मॅडम, गळ्यात घालायला. सोनारानं डाग देऊन जोडली, मग पुढं काढून टाकली. पण चांदी अस्सल हाय."

"डाग कडीचाच आहे ना? का काही लपवताय?"

"नाय ओ. लपवायचं काय त्याच्यात?"

उज्वलाने करंगळी जिभेला लावली आणि डागावर घासली. एरवी नाण्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी ती खेकसायची. तिने बोट उजेडात धरून पाहिलं.

"रंग पण खरा नाही."

"दर दिवाळीला चिंच लावून चकाचक करतो. पूजेला."

"तिथेच घोळ झाला. जुनी चांदी सावळीच असते. तुम्ही हिला घासून घासून गोरी केलीत. पावडर थापल्यासारखी दिसते."

चैतालीने मान वर केली. "पण यूट्यूबवर असल्या नाण्याला लाखात भाव सांगतात, मॅडम."

"फोटोत सगळेच बरे दिसतात."

उज्वलाने रुपया काचेवर उभा केला आणि टिचकी मारली. तो गिरक्या घेत निघाला, डाग टेकला तिथे अडखळला आणि आडवा झाला.

"चालही सरळ नाही."

जयराम हसला. "नाण्याला कसली आलीय चाल!"

"बघून घ्यावं लागतं. एकदा घेतलं की जन्मभर आपल्याच गळ्यात."

चैतालीने मोबाइल पालथा ठेवला.

"पप्पा, रविवारचे पाहुणे असंच बोलत होते. डिट्टो."

"गप गं. हितं काय त्याचं?"

"गप काय? सँडल काढून चालून दाखव म्हणाले मला. उंची बघायची होती. आणि तुम्ही? अजून घ्या ना, अजून घ्या ना, करत पेढे वाढत होतात."

जयरामचं हसू ओसरलं. त्याने रुपयाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच नीट उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाने मानेवरचे केस सावकाश कानामागे सारले आणि मान खिडकीकडे वळवली. पाहू दिलं त्याला. पोटभर.

"तुम्ही... चांदवडच्या का?"

"नाण्याचं बोला."

तो स्टुलावरून उठला, पुन्हा बसला. घसा खाकरला. "ठेवून घ्या मॅडम. तुम्ही म्हणाल त्या भावात. नाय दिलं कायी तरी चालंल."

म्हणजे आता नुसता हात पुढे करायचा होता. संग्रहाचं मखमलीचं पान तिच्या कोपराशीच उघडं होतं.

उज्वलाने रुपया बोटांच्या चिमटीत उचलला. थंड होता, आणि कडी काढली होती तिथे बोटाला बारीक खरखर लागत होती. तिने तो त्यांच्या डबीत ठेवला. झाकण लावलं. डबी काचेवरून जयरामकडे सरकवली.

"घरात विचारावं लागेल," ती म्हणाली. घरात ती एकटी होती. "कळवते."

जयराम डबीला हात लावेना. शेवटी चैतालीनेच ती उचलून पर्समध्ये टाकली आणि बापाच्या दंडाला धरून त्याला उठवलं. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली.

"नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा ना, मॅडम. कळवते काय? आम्ही फोनकडे बघत बसतो."

उज्वला भिंग पुसत राहिली. खाली गल्लीत स्कूटर सुरू झाली आणि रविवार कारंजाच्या चौकाकडे गेली.

चांदवडला तिला पाहायला आले त्या दिवशी, मुलगी पसंत पडली तर तिच्या हातावर ठेवायला म्हणून, जयरामच्या आईने हाच रुपया कमरेला खोचून आणला होता.