उचललेला फोन

गायिकेच्या दौऱ्यावर माहितीपट निघत होता आणि दौऱ्यातच तिची आई गेली, तर ते त्यात यायलाच हवं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. पण शेवटच्या त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा ती स्टेजवर माइक तपासत होती. तिनं तो कट केला, आणि नंतर करू म्हणता म्हणता राहूनच गेलं.

"त्यात काय, तुम्ही फोन उचललात असं दाखवू," दिग्दर्शक म्हणाला.

मेकअपच्या खोलीत बंद फोन कानाला लावून ती "हो आई, हो" म्हणाली. डोळ्यांत टिपूस नाही. दिग्दर्शकाला तेच आवडलं.

माहितीपटाच्या पहिल्या खेळाला बाबा आले. दिवे लागले तरी खुर्चीतून उठेनात.

"मी औषधं आणायला खाली गेलो, तेवढ्यात बोललात होय गं तुम्ही? मला तेच खात होतं, की ती एकटी असताना गेली." त्यांनी तिचा हात धरला. "काय म्हणाली?"

मेकअपच्या खोलीतल्याच त्या आवाजात तिनं सांगितलं, "म्हणाली, बाबा खाली गेलेत, येतीलच आता."