बाबांच्या पाठीचा पहारा

समजा, तुमच्या बाबांची पाठ कुणी तुमच्या ताब्यात दिली. भिजू द्यायची नाही, घामेजू द्यायची नाही आणि आभाळ कोसळलं तरी खाजवू द्यायची नाही. काय कराल? या गोष्टीतल्या मुलीने फूटपट्टी उचलली. त्या क्षणापासून घरात तिचं नाव पडलं फौजदार.

"अगं, एकदाच. नखाच्या टोकाने," बाबा दाराच्या चौकटीकडे सरकत म्हणाले.

"चौकटीपासून लांब!" फौजदाराने फूटपट्टी उगारली.

बाबांना दोन गोळ्या होत्या. एक झटके येऊ नयेत म्हणून, दुसरी मन उदास राहू नये म्हणून. दुसरीला घरात हसरी गोळी म्हणत. ती लागू पडली आणि बाबा भांडी घासताना शीळ घालू लागले. मग अंगभर पुरळ उठलं. कोणत्या गोळीने ते कळेना, म्हणून दोन्ही बंद झाल्या. झटक्यांसाठी डॉक्टरबाईंनी निराळी गोळी दिली, पण हसरीची जागा रिकामीच राहिली. शीळही गेली.

पुरळ पार बरं झाल्यावर डॉक्टरबाईंनी दोन्ही औषधं कणभर मलमात कालवून बाबांच्या पाठीवर चिकटवली. "डावीकडे हसरी, उजवीकडे झटक्यांची. जिच्याखाली कातडी लाल होईल, ती चोर."

आज निकाल होता. बाबा दवाखान्यात स्टुलावर बसले. फौजदार त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून समोर उभी राहिली. हो, ऐन वेळी खाजवलं तर? बाबांच्या मागे भिंतभर आरसा होता. चर्रर्र! चिकटपट्टी निघाली. डॉक्टरबाई बाजूला झाल्या. आरशात डावीकडे टोमॅटोसारखा लाल चौकोन!

"सापडला चोर!" डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली.

"टाळ्या काय वाजवताय?" फौजदाराने पाय आपटला. "हसरीच निघाली ना!"

"अहो फौजदारसाहेब, आरशात बघून चोर पकडता? इकडे मागे या."

ती मागे गेली. डावीकडे पाठ कोरी करकरीत. लाल चौकोन उजवीकडे!

"परवा पुन्हा बघून खात्री करू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग हसरी थोडी थोडी, जपून सुरू."

"आणि चौकोन सोडून बाकीची पाठ?" बाबांनी काकुळतीने विचारलं.

"खाजवायला मोकळी."

फौजदाराने फूटपट्टी भिरकावली आणि दाही बोटं कामाला लावली. हसरी गोळी सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून ओठांचा चंबू करून, फू-फू करत, शीळ तिनेच घातली.