हातातली पकड

व्यावसायिक लीगसाठी खेळाडू पारखायला पुण्याहून एक सर नागपूरच्या कॉलेजात आले होते. त्यांच्यासमोरच्या कबड्डीत नेमके दोन जिवलग मित्र एकमेकांविरुद्ध पडले. हर्षल चढाईला आला आणि कोपऱ्यावरच्या सुगतनं त्याचा घोटा असा धरला की हर्षल जागचा हलेना. तेवढ्यात हर्षलचा चेहरा वेदनेनं पिळवटला. हाच पाय मागच्या वर्षी मोडला होता, तेव्हा सुगतनंच त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. सुगतच्या काळजात चर्र झालं. त्यानं पकड सोडली आणि हर्षल झेप घेऊन मधल्या रेषेपलीकडे गेला.

खेळ संपताच सुगत त्याच्याकडे धावला. "लय लागलं का गा?"

"कुठं लागलं बे!" हर्षल हसला. "तसं तोंड केलं म्हणून तर तू सोडलं."

सरांनी हर्षलला निवडलं. मग त्यांनी सुगतला जवळ बोलावलं. "खरं तर मी तुला बघायला आलो होतो. असा कोपऱ्यावरचा खेळाडू शोधून सापडत नाही. पण हातात आलेला गडी का सोडलास?"

सरांच्या मागे उभ्या असलेल्या हर्षलचा चेहरा खर्रकन उतरला.



"घामानं हात सटकला, सर," सुगत म्हणाला.