चारशे पंचवीसची काडतुसं

कोबसने रायफल आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली आणि मान हलवली.

"तान्नी, माल एक नंबर आहे. नळी स्वच्छ, दस्ता अक्रोडाचा. पण काडतूस चुकलं."

हेस्टर खुर्चीत ताठ बसली होती; वयस्क बाईला इथे सगळे 'तान्नी', म्हणजे मावशी, म्हणत. तिचा नवरा योहान पाहुण्यांना नामिबियाच्या उत्तरेला कॅप्रिव्हीच्या रानात रानरेड्यांच्या शिकारीला न्यायचा, तेव्हा तीस वर्षं हीच रायफल त्याच्या खांद्यावर असायची. तो जाऊन वर्ष झालं होतं.

"चुकलं म्हणजे काय रे?"

"ही चारशे पंचवीस मापाच्या काडतुसाची. तीनशे पंच्याहत्तरची असती तर चाळीस हजार डॉलर आत्ता हातावर ठेवले असते. तिची काडतुसं इथे ओत्जिवारोंगोत कुठेही मिळतात. हिची बनायचीच बंद झालीत. काडतुसंच नाहीत तर बंदूक काय, महागडी काठी."

"मग किती देशील?"

"तुमच्याकडे बघून सहा हजार."

कोबसने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "खोटं वाटतंय? माझ्याच गळ्यात अशा तीन पडल्यात. चार वर्षं रोज सकाळी सासूसारख्या माझ्याकडे बघतात."

ती उठली. एकेक रायफल खाली घेऊन तिने खिडकीच्या उजेडात नळीतून पाहिलं. प्रत्येकीवर अठरा हजारांची चिठ्ठी होती.

"यांनाही सहाच हजार?"

कोबस अडखळला. "म्हणजे..."

"आत्ताच तू म्हणालास."

तो हसला. "घेणारा आला तर देईन की. जागा तरी मोकळी होईल."

"मग लिही पावती."

"तान्नी, तुम्ही विकायला आलात ना?"

"किंमत विचारायला आले होते. कायद्याने एका माणसाला चार बंदुका चालतात. परवाने आले की घेऊन जाईन, पैसे आज घे."

कोबसला तिची कीव आली. नवऱ्याच्या आठवणीपायी म्हातारी पैसे पाण्यात घालत होती. तरी त्याने भराभर पावती लिहिली, सही केली आणि तिला दारापर्यंत सोडायला गेला. आपली रायफल हेस्टरने स्वतःच उचलली.

बाहेर गाडीत तिची लेक इल्से वाट बघत होती.

"मिळाल्या?"

"तिन्ही. एकीच्या किमतीत." हेस्टरने दार ओढून घेतलं. "आता तुझ्या कारखान्यात फोन कर. चारशे पंचवीसची पहिली दहा हजार काडतुसं सोमवारी बाजारात जाऊ देत."