नाताळाचा डावा हात

माझी बोटं सैतानानं पिरगाळली, असं मी लेकरांना सांगती. डाक्टर संधिवात म्हनतो. म्हनून चर्चातल्या पियानोवरचं नाताळाचं गाणं माझ्याकडं शिकनाऱ्या दोन पोरींवर सोपवलं. नवशिक्यांना दोन्ही हात एकदम जमत न्हाईत. संस्कृतीच्या उजव्या हाताला चाल दिली, आफ्रीनच्या डाव्याला नुसता ठेका. दिवाळीनंतर सराव चालला असताना संस्कृतीचा बाप चर्चात आला. "आज्जी, हिचं लगीन ठरलं. जावई ऊसतोडीला चाललाय; मुकादम एकट्याला घेत न्हाई, नवरा-बायकोची जोडीच लागती." "आरं, आठवीतलं लेकरू हाय!" मग मी थाप ठोकली, "लंडनचा पाद्री हिला ऐकायला इमानात बसलाय. त्याला काय सांगू?" बाप हसला. "त्यालाच धाडा की ऊस तोडायला." संस्कृतीनं पियानोचं झाकण लावलं अन् चपला घातल्या. नाताळाला आफ्रीननं डावा हात वाजवला, एकबी चूक न्हाई. ठेका संपला तरी लोक गाणं सुरू व्हायची वाट बघत बसले.