चौथा खांब

इंजिनीअर बाईंनी चौथ्या खांबावर हातोडी ठोकली आणि मान डोलावली. "हा ठणठणीत आहे. मजबुतीकरण बाकीच्या पाचांचंच."

शेजारी उभा असलेला लाडकू मिस्त्री पुढे सरकला. चाळीस वर्षांपूर्वी ही इमारत त्यानेच बांधली होती आणि नदीची वाळू संपली म्हणून या एका खांबात खाडीची, सळई गंजवणारी खारट रेती कालवली होती. पुढे तडा दिसला की तो गुपचूप गिलावा चढवायचा. चारचौघांत मात्र फुशारकी मारायचा, "याला गूळ आणि बेलफळ पाजलंय. भूकंपसुद्धा माझी परवानगी काढून येईल!"

"बाई, हा आतून सडलाय. मीच खाडीची रेती घातली."

"झाली सुरू मिस्त्रीची थाप!" रहिवासी खो खो हसले. बाईही हसून तपासणीच्या अहवालावर सही करायला लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर त्याच्या पणतीचं बारसं होतं. अख्खी इमारत वर जमत होती. लाडकूने बाईंची हातोडी उचलली आणि जीव खाऊन खांबावर हाणली. गिलाव्याचा पोपडा धाडकन खाली आला. आतून सळईऐवजी गंजाचा तांबडा भुगा सांडला.

"आजोबा," बाई कुजबुजल्या, "आता हात लावू नका. वरची माणसं एकेक करून उतरवा. कुणालाही धावू देऊ नका."