पुसलेल्या फाईलचा पत्ता

धाकट्या लेकीच्या, साईच्या लग्नाची पत्रिका संध्याकाळी छापायला जायची होती, पण सखुबाई वारलेल्या नवऱ्याच्या, फकिरांच्या नावाआधी ‘कै.’ लावू देईनात. नाव होतं तसंच छापा म्हणून त्यांनी छापखानेवाल्याला दोनदा परतवलं होतं. तिसरा नमुना मांडीवर घेऊन त्या सुनेवर घसरल्या.

“सकाळपासून त्या डबड्यापुढं बसलीस. अडलंय काय एवढं?”

सुवर्णा कर्नेलचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रणालीचा, कोड लिहीत होती. “आत्याबाई, फाईलचा पूर्ण पत्ता बनवायचाय. पण ही फाईल पुसली गेलीय, आणि एक प्रोग्राम ती अजून उघडून बसलाय. पत्ता दिला तर खोटं होतं, गाळला तर त्याचं अडतं.”

“त्यात काय येवढं? नाव गाळायचं नाय. नावाला खूण करायची, की हे आता नाय. ज्याला धरून बसायचं त्यानं बसावं, दुसऱ्याला कशाला फसवायचं?”

सुवर्णाचे हात थांबले. तिनं सखुबाईंच्या मांडीवरच्या पत्रिकेकडं पाहिलं.

सखुबाईंनी नमुन्यातल्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

“बघतीस काय,” मग त्या म्हणाल्या, “पेन दे. तेवढं एक अक्षर येतं मला.”